अडसर जाळल्यानंतर

६ ऑगस्ट १९५० रोजी फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर, विसांबूर या फ्रेंच गावाजवळच्या नाक्यावर, सुमारे तीनशे विद्यार्थी जमले. काही फ्रान्सच्या बाजूने आले, काही जर्मनीच्या. ते वेगवेगळ्या देशांचे होते आणि सगळ्यांचे वाढते वय युद्धात गेले होते. नाक्यावर पोचताच त्यांनी रस्त्यातला आडवा दांडा काढला, सीमेचे खांब उपटले आणि त्या लाकडांची तिथेच होळी केली. युरोपला स्वतःची संसद हवी, स्वतःचे सरकार हवे, ही त्यांची मागणी होती. जवळच्या स्ट्रासबुर्ग शहरात युरोप परिषदेचे अधिवेशन भरणार होते. तिथे जमणाऱ्या पुढाऱ्यांच्या कानावर हे जावे म्हणून हा दिवस निवडलेला होता.

दांडा जाळायला एक दुपार पुरली. त्या सीमेवरची प्रवाशांची तपासणी उठू लागली ती मात्र २६ मार्च १९९५ रोजी, शेंगेन करार प्रत्यक्षात आल्यावर. मध्ये जवळजवळ पंचेचाळीस वर्षे गेली. युरोपच्या एकीकरणात विद्यार्थ्यांचा वाटा सांगताना आपण बहुधा त्या दुपारीबद्दल बोलतो, कारण तिच्यात आग आहे, धाडस आहे, छायाचित्र आहे. मला त्या पंचेचाळीस वर्षांबद्दल आणि त्यानंतरच्या काळाबद्दल बोलायचे आहे. विद्यार्थ्यांचे खरे काम या काळात झाले, आणि ते कसे झाले हे नीट समजले नाही तर ते पुढे चालवताही येणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दोन देशांतली तरुण मुले एकमेकांना भेटली, एकत्र जेवली, गाणी म्हणाली, म्हणजे संवाद झाला असे आपण धरून चालतो. भेट ही संवादाची फक्त सुरुवात असते. दोघांनाही गरजेची असलेली एखादी वस्तू मध्ये हवी, तिच्यावरून रीतसर भांडता यायला हवे आणि भांडणाचा निकाल कुठेतरी लिहून ठेवला जायला हवा. या तीन गोष्टी जिथे जमल्या तिथे युरोपच्या विद्यार्थ्यांनी इतिहास घडवला. जिथे जमल्या नाहीत तिथे चांगल्या आठवणी उरल्या.

आपल्या गावातली गोष्ट घ्या. वाटण्या झालेल्या भावकीत बांधावरून वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालते. कोणी बांध कोरला, कोणाची बाभूळ कोणाच्या हद्दीत गेली, यावरून एकमेकांचे तोंड बघायचे नाही असे ठरलेले असते. पण विहीर सामायिक असली की बोलावेच लागते. पाण्याची पाळी कोणाची, मोटर जळाली तर खर्च कोणी करायचा, उन्हाळ्यात किती तास उपसा करायचा, हे ठरवल्याशिवाय कोणाचेच पीक उभे राहत नाही. प्रेम असो वा नसो, विहीर दोघांनाही बोलायला भाग पाडते. पुढच्या पिढीला तर ते बोलणे नैसर्गिकच वाटू लागते.

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी जे मांडले ते याच जातीचे होते. फ्रान्स आणि जर्मनीचे कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामायिक अधिकाराखाली आणावे, म्हणजे तोफा ओतण्याचे सामानच एकट्याच्या हाती राहणार नाही, असा तो विचार होता. पुढच्या वर्षी सहा देशांनी त्यावर सह्या केल्या. एकमेकांवर प्रेम करा असे शुमान यांनी कोणाला सांगितले नाही. त्यांनी सामायिक विहीर खोदली.

मग विद्यार्थ्यांची सामायिक विहीर कोणती? त्यांच्याकडे खाणी नसतात, कारखाने नसतात. त्यांच्याकडे असतो अभ्यास: काय शिकवले जाते, ते कोण ठरवते आणि शिकलेल्याला मान्यता कोण देते. युरोपातल्या विद्यार्थी-सहकार्याच्या ज्या गोष्टी टिकल्या त्या सगळ्या या प्रश्नांभोवती उभ्या राहिल्या आहेत.

पहिली गोष्ट इतिहासाच्या पुस्तकाची. १८७०, १९१४, १९३९ अशी सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेले हे दोन देश. दोन्हीकडची मुले शाळेत शेजाऱ्याबद्दल जे शिकली त्यात त्या युद्धांची बीजे होती. सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेत भाषण केले. २२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही देशांनी एलीझे करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय स्थापन झाले. त्याचा खर्च दोन्ही सरकारे समसमान उचलतात. या कार्यालयाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की ते फक्त विद्यापीठातल्या मुलांसाठी नव्हते. शाळकरी मुले, कारखान्यात उमेदवारी करणारी मुले, खेळाच्या क्लबांतली मुले, जोडगावांच्या मंडळांतली मुले असे सगळे त्यातून गेले. आजवर ही संख्या नव्वद लाखांच्या पुढे गेली आहे.

जानेवारी २००३ मध्ये, कराराच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दोन्ही देशांतल्या शाळकरी विद्यार्थ्यांची युवा संसद बर्लिनमध्ये भरली. अशा प्रसंगी ठराव होतात, टाळ्या वाजतात, सामूहिक छायाचित्र निघते. या मुलांनी मात्र एक अगदी नेमकी मागणी केली: दोन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांना इतिहासाचे एकच पुस्तक द्या. मजकूर एक, चित्रे एक, पाने एक. फक्त भाषा दोन. सरकारांनी ती मान्य केली. दोन्हीकडच्या इतिहासकारांनी आणि शिक्षकांनी एकत्र बसून पुस्तक लिहिले. १९४५ नंतरच्या काळाचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला, दुसरा २००८ मध्ये आणि तिसरा २०११ मध्ये.

हे काम किती अवघड असते याची कल्पना करून पाहा. एकाच्या पुस्तकातला विजय दुसऱ्याच्या पुस्तकात अपमान असतो. एकाला जे मुक्ती वाटते ते दुसऱ्याला शरणागती वाटते. अमेरिकेची युद्धानंतरची भूमिका, साम्यवादाचे मूल्यमापन, वसाहतींचा इतिहास, यांवर दोन देशांतल्या शिक्षकांची मते सारखी नव्हती. प्रत्येक शब्दावर थांबावे लागते. पण दोघांनाही मान्य होईल असे वाक्य मिळेपर्यंत उठायचे नाही, आणि मिळालेच नाही तर दोन्ही बाजू त्याच पानावर छापायच्या, ही शिस्त त्यातून येते. मतभेद लपवायचा नाही आणि त्यावरून घर सोडायचे नाही, याला मी संवाद म्हणतो.

या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते कोणावर सक्तीचे नव्हते, आणि दोन देशांचे अभ्यासक्रम वेगळे असल्याने फार थोड्या वर्गांत ते नियमित वापरले गेले. तरी त्याने वाट घालून दिली. जर्मनी आणि पोलंड यांच्यातली जखम याहून खोल होती. त्यांच्यातही इतिहासाच्या पुस्तकांवर १९७२ पासून चर्चा चालू होती आणि २०१६ ते २०२० या काळात त्यांचेही सामायिक पुस्तक चार खंडांत आले. शाळेच्या बाकावरून आलेली एक मागणी दोन सरकारांना कामाला लावू शकते, हे बर्लिनमधल्या त्या मुलांनी दाखवून दिले.

दुसरी गोष्ट पदवीच्या मान्यतेची. १९५८ मध्ये सोफिया कोर्रादी ही इटालियन विद्यार्थिनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतली. तो अभ्यास आपल्या पदवीसाठी धरावा अशी तिने विनंती केली, आणि विद्यापीठाच्या कचेरीत तिची बोळवण झाली. परदेशात काढलेले वर्ष म्हणजे जणू हुंदडण्यात घालवलेले वर्ष. आपल्याकडेही बाहेरची पदवी घेऊन येणाऱ्याला समकक्षता प्रमाणपत्रासाठी जे खेटे घालावे लागतात ते ज्यांना माहीत आहेत, त्यांना तिचा अपमान लगेच कळेल. कोर्रादी यांनी त्या अपमानातून काम उभे केले. १९६९ पासून त्या इटलीतल्या कुलगुरूंच्या आणि मंत्र्यांच्या मागे लागल्या: परदेशात दिलेली परीक्षा घरी धरली गेली पाहिजे. १९७६ मध्ये युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने, विद्यापीठांमधल्या संयुक्त अभ्यासक्रमांना लहान प्रमाणावर मदत सुरू केली. त्यातून विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पाठवणारी जी योजना उभी राहिली ती म्हणजे इरॅस्मस.

पण सरकारे पैसे द्यायला तयार नव्हती. इथे विद्यार्थी पुन्हा पुढे आले. १९८५ मध्ये पॅरिसमध्ये फ्रांक बियांशेरी आणि त्याच्या मित्रांनी एक विद्यार्थी संघटना काढली. पुढे ती एजे या नावाने ओळखली गेली, ग्रीसजवळच्या समुद्राच्या फ्रेंच नावाला जुळणारे नाव. तिची घडण महत्त्वाची होती. ती देशोदेशींच्या संघटनांचा महासंघ नव्हती. शहराशहरांतल्या शाखा थेट एकमेकींना जोडलेल्या होत्या. आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलण्याचे ओझे तिथे कोणावर नव्हते. इरॅस्मसची योजना सरकारांच्या पैशांच्या वादात अडकली तेव्हा या विद्यार्थ्यांनी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना गाठून त्यांचा पाठिंबा मिळवला. युरोपीय आयोगात मान्युएल मारीन हे आयुक्त ती लढाई लढतच होते. जून १९८७ मध्ये योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवर योजनेतून गेलेल्या सगळ्या सहभागींची एकूण संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे, आणि २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी योजनेची तरतूद सुमारे २६ अब्ज युरो आहे.

इरॅस्मसचा विषय निघाला की लोक प्रवासाबद्दल बोलतात, मैत्रीबद्दल बोलतात, आंतरदेशीय लग्नांबद्दल बोलतात. माझ्या लेखी तिचा गाभा एका हिशेबाच्या वहीत आहे. १९८९ पासून श्रेयांकांची एक सामायिक पद्धत वापरून पाहिली जाऊ लागली: एका वर्षाचा पूर्ण अभ्यास म्हणजे ६० श्रेयांक. लिस्बनला केलेला अभ्यास लाइपझिगला किती धरायचा, हे आता कोणा कारकुनाच्या मर्जीवर उरले नाही. हे काम रुक्ष दिसते, पण त्यामागे मोठा विश्वास आहे. तुमच्या प्राध्यापकाने दिलेले गुण आमच्या प्राध्यापकाने दिल्यासारखेच आम्ही मानू, असे एक विद्यापीठ दुसऱ्याला सांगते. दोन देशांत शांततेचा तह होतो तेव्हा लढायचे नाही एवढेच ठरते. इथे परक्याच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवायचे ठरले. ही पायरी त्याच्या वरची आहे.

१९ जून १९९९ रोजी २९ देशांनी बोलोन्या येथे उच्च शिक्षणाचा सामायिक आराखडा स्वीकारला. जागा अर्थपूर्ण होती. मध्ययुगात याच शहरात वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपापले संघ केले होते. शिक्षकांना नेमणे आणि उशीर केल्यास दंड करणे हे त्यांच्या हाती होते. १९९९ मध्ये मात्र सह्या केल्या त्या मंत्र्यांनी. देशोदेशींच्या विद्यार्थी संघटनांच्या युरोपीय महासंघाने, ज्याची सुरुवात १९८२ मध्ये सात संघटनांनी केली होती, आपली जागा मागून घेतली. २००१ मध्ये प्रागच्या बैठकीत विद्यार्थी हे या प्रक्रियेचे भागीदार आहेत हे मान्य झाले. आज युरोपात विद्यापीठांचे बाहेरून मूल्यमापन करणाऱ्या समितीत विद्यार्थी सदस्य असावा लागतो. एका देशातली विशीतली मुलगी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाते, कुलगुरूंना प्रश्न विचारते आणि अहवालावर तिचेही नाव असते. पर्यटनातून हे कधीच आले नसते.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे. एवढे सगळे झाले, कोट्यवधी मुले इकडून तिकडे गेली, तरी राष्ट्रवादाचा जोर का वाढला? ब्रिटन १९८७ पासून इरॅस्मसमध्ये होते, आणि २०१६ मध्ये त्याने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. देशोदेशी युरोपविरोधी पक्ष बळावत आहेत. मग या देवाणघेवाणीने साधले काय?

संशोधकांनी यावर जे दाखवले आहे ते मनाला लावून घेण्यासारखे आहे. परदेशी जाणारी मुले जाण्याआधीच बहुतेक युरोपच्या बाजूची असतात. ज्यांचे मन वळवायचे असते त्यांच्यापर्यंत योजना पोचतच नाही. शिष्यवृत्तीतून खर्चाचा काही भागच भागतो. उरलेला घरून यावा लागतो, आणि ज्यांच्या घरून येऊ शकत नाही ते अर्जच करत नाहीत. गेलेल्या मुलांमध्येही अनेकदा परदेशी मुलांचा वेगळा कळप होतो. स्पेनमध्ये सहा महिने राहून स्पॅनिश घरात एकदाही न जेवलेली मुले असतात. त्यांना युरोप भेटतो तो स्वतःसारख्याच इतर पाहुण्यांच्या रूपात.

याहून मोठी बाब अशी, की युरोपातली जवळजवळ निम्मी तरुण मंडळी विद्यापीठात जातच नाहीत. प्लंबर, वेल्डर, ट्रकचालक, शेतकऱ्याची मुले. खुल्या सीमांचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात रोज उभा असतो. दुसऱ्या देशातून स्वस्तात काम करणारा माणूस आला की त्यांची मजुरी हलते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय जो युरोप जोडला जातो तो अर्धाच असतो. जोडलेल्या अर्ध्या भागात न जोडलेल्या अर्ध्याची नाराजी ऐकूच येत नाही, आणि मग मतपेटी उघडल्यावर धक्का बसतो.

हा आक्षेप मी मान्य करतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य करत नाही. विहिरीला पाणी लागले पण निम्म्या भावकीला पाळीच मिळाली नाही, म्हणून विहीर बुजवा असे कोणी म्हणत नाही. पाळी नीट लावा असे म्हणतात. फ्रेंच-जर्मन युवा कार्यालयाने १९६३ पासून जे केले, म्हणजे कारखान्यातल्या उमेदवारांना आणि खेळाडूंना विद्यार्थ्यांइतकेच महत्त्व दिले, ते इरॅस्मसने फार उशिरा आणि कमी प्रमाणात स्वीकारले. ते आता आधी व्हायला हवे. जर्मन सुतारकामाच्या शाळेतला मुलगा आणि पोलंडमधला त्याच वयाचा मुलगा एका छताखाली एक घर बांधत असतील, तर मजुरीचा प्रश्न त्यांच्यात निघणारच. तो निघू द्यावा. त्यातून होणारी बाचाबाची दहा गुळगुळीत परिसंवादांपेक्षा मोलाची आहे.

आणि बाचाबाचीतून काही निष्पन्न व्हायला हवे. २०२१ ते २०२२ या वर्षभरात युरोपीय संघाने ‘युरोपच्या भवितव्यावरील परिषद’ भरवली. सगळ्या देशांतून ८०० नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले. त्यांतले एक तृतीयांश १६ ते २५ वयोगटातले होते, आणि त्यांत विद्यापीठाची पायरी न चढलेलेही होते. या माणसांनी दुभाष्यांच्या मदतीने महिनोन्महिने चर्चा केली आणि त्यांच्या शिफारशींवरून परिषदेने ९ मे २०२२ रोजी ४९ प्रस्ताव हाती दिले. काही प्रस्तावांसाठी मूळ करारच बदलावे लागणार होते. युरोपीय संसदेने त्यासाठी प्रक्रिया सुरू करण्याची मागणी केली. देशांच्या प्रमुखांनी ती पुढे नेली नाही. निवडीची ही पद्धत मला आजवरच्या सगळ्या पद्धतींत सर्वांत न्याय्य वाटते, म्हणूनच तिचा शेवट खटकतो. तरुणांना बोलवायचे, मन लावून ऐकायचे आणि कागद कपाटात ठेवायचा, असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी तरुण येत नाहीत. बर्लिनच्या मुलांना तीन वर्षांत छापलेले पुस्तक हातात मिळाले होते. संवादावरचा विश्वास अशा हातात येणाऱ्या गोष्टींवर जगतो.

सरकारांनी आणखी एक चूक वारंवार केली आहे. भांडण मोठ्यांचे आणि शिक्षा विद्यार्थ्यांना. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या मतदारांनी स्थलांतरावर मर्यादा घालण्याचा कौल दिला. त्यातून उडालेल्या खटक्यात स्विस विद्यार्थी इरॅस्मसमधून बाहेर पडले. ब्रिटनने संघ सोडला तेव्हा, राहता येत असतानाही, इरॅस्मसही सोडले. हंगेरीतली अनेक विद्यापीठे सरकारधार्जिण्या विश्वस्त मंडळांच्या हाती गेली म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्यांचा नवा निधी रोखला. हंगेरीबाबतची काळजी योग्य होती. विद्यापीठाचे स्वातंत्र्य गेले तर देवाणघेवाण कसली करायची? तरीही त्या विद्यापीठांतला जो विद्यार्थी बाहेर जाऊन मोकळी हवा अनुभवणार होता, नेमका त्याचाच रस्ता बंद झाला. अशा वेळी पैसा विद्यापीठाच्या हाती न देता थेट विद्यार्थ्याला देण्याची सोय असायला हवी. घरातले दोन कर्ते भांडले तरी मुलांनी एका अंगणात खेळणे थांबवू नये, ही आपल्याकडची समजूत राज्यकारभारातही खरी आहे.

याचा चांगला दाखला आयर्लंडने दिला. ब्रिटन बाहेर पडल्यावर उत्तर आयर्लंडमधल्या विद्यार्थ्यांना इरॅस्मसचा लाभ मिळत राहावा म्हणून आयरिश सरकारने खर्च उचलण्याची तयारी दाखवली. ज्या बेटाने फाळणी आणि बॉम्बस्फोट पाहिले, तिथे सीमेपलीकडच्या मुलांसाठी स्वतःच्या तिजोरीतून पैसे काढणे ही साधी गोष्ट नव्हे. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या दोघांनीही २०२७ पासून परत येण्याचे ठरवले आहे. सोडून गेलेले परत येतात, याचा अर्थ विहीर अजून आटलेली नाही.

पण युरोपची सीमा कुठे संपते? हा प्रश्न आज विद्यार्थीच सर्वांत टोकदारपणे विचारत आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये युक्रेनच्या सरकारने युरोपीय संघाबरोबरचा करार ऐनवेळी थांबवला, तेव्हा कीव्हच्या चौकात आधी उतरले ते बहुतांशी विद्यार्थी, आणि ३० नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांच्या लाठ्याही त्यांनीच खाल्ल्या. पश्चिम बाल्कनमधल्या सहा सरकारांनी २०१६ मध्ये फ्रेंच-जर्मन नमुन्यावर स्वतःचे युवा सहकार्य कार्यालय काढले. मुख्यालय तिराना येथे. ज्यांच्या आईवडिलांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या त्यांची मुले त्यातून एकमेकांच्या घरी राहतात.

सर्बियाची गोष्ट याहून बोलकी आहे. १ नोव्हेंबर २०२४ रोजी नोव्ही साद शहराच्या रेल्वे स्थानकाच्या नुकतेच नूतनीकरण झालेल्या इमारतीचे छत कोसळले आणि माणसे मेली. मृतांचा आकडा पुढे सोळावर गेला. भ्रष्टाचाराने माणसे मारली असे म्हणत विद्यार्थ्यांनी विद्यापीठे ताब्यात घेतली. नेता नेमला नाही. प्रत्येक निर्णय खुल्या सभेत, हात वर करून. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्यातले सुमारे ऐंशी जण सायकलवर निघाले आणि तेराशे किलोमीटर कापून स्ट्रासबुर्गला पोचले. त्याच स्ट्रासबुर्गला, जिथल्या पुढाऱ्यांच्या कानावर जावे म्हणून पंचाहत्तर वर्षांपूर्वी सीमेचा दांडा जळला होता. त्यांच्या मोर्च्यांत युरोपीय संघाचे निळे झेंडे फारसे दिसत नव्हते. युरोपने आपल्या सरकारशी सोयीचे जुळवून घेतले ही त्यांची तक्रार होती. तरीही दाद मागायला ते तिथेच गेले.

आणि घरी काय झाले ते पाहा. नोव्ही पाझार हे मुस्लिम बहुसंख्येचे शहर. नव्वदच्या दशकातल्या युद्धांनंतर तिथल्या तरुणांना आपण या देशात परके आहोत असेच वाटत आले होते. या आंदोलनात तिथले विद्यार्थी इतर शहरांतल्या ऑर्थोडॉक्स सर्ब विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि दोघांनी एकमेकांना आपले मानले. त्यांना कोणी समेटाच्या शिबिराला बोलावले नव्हते. कोसळलेले छत सगळ्यांचेच होते, हिशेब सगळ्यांनाच हवा होता. सामायिक विहीर कधी कधी अशीही असते.

मराठी वाचकाला हे वाचताना साने गुरुजींची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. प्रांताप्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावे, हे आंतरभारतीचे स्वप्न उराशी घेऊन गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. विसांबूरचा अडसर जळला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. दोन्हींची तळमळ एकच होती. फरक पुढे पडला: युरोपने त्या तळमळीसाठी कार्यालये काढली, अंदाजपत्रके मांडली, श्रेयांकांच्या वह्या ठेवल्या, आपण शिबिरे भरवली आणि गाणी म्हटली. बेळगावच्या प्रश्नावर मराठी आणि कन्नड विद्यार्थ्यांनी एकत्र बसून इतिहासाचे एक प्रकरण दोन्ही भाषांत लिहायला घेतले, तर काय होईल? पहिल्या पानावरच भांडण होईल. ते व्हावे, आणि पान तरीही पुरे व्हावे. २००४ पासून इरॅस्मस मुंडुसच्या संयुक्त पदव्यांसाठी भारतातून मोठ्या संख्येने मुले युरोपात जात आहेत. त्यांत मराठी मुलेही आहेत. दोन-तीन देशांत एकच पदवी करताना त्यांनी हा सगळा व्यवहार आतून पाहिलेला असतो. परत येताना पदवीबरोबर ही रीतही आणली तर ती शिष्यवृत्ती इथेही फळेल.

विसांबूरच्या त्या नाक्याजवळ आज स्मारक उभे आहे. पण मार्च २०२० मध्ये साथीच्या भीतीने फ्रान्स-जर्मनीची सीमा रातोरात बंद झाली, आणि सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. दांडा परत आडवा करायला एक हुकूम पुरतो. १९५० च्या विद्यार्थ्यांनी जे जाळले ते सरकारांना पुन्हा उभारता आले. त्यांच्यानंतरच्यांनी जे लिहून ठेवले ते मात्र तसे पुसता येत नाही: दोन भाषांतले एकच पुस्तक, परक्या गावी मिळवून घरी धरले गेलेले साठ श्रेयांक, अहवालाखाली कुलगुरूंसमोर केलेली सही. विद्यापीठाबाहेरच्या निम्म्या तरुणाईचे नाव अजून या वहीत आलेले नाही. ते लिहायला घेणे हे आजच्या विद्यार्थ्यांचे काम आहे, आणि ते एका दुपारीत होणारे नाही.